शेवटच्या वाफ्याची कड

“ह्या विटा तेवढ्या काढा आता,” मामी म्हणाल्या.

मी नुकताच चुन्याचा ब्रश धुऊन भिंतीला उभा केला होता. फाटकापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाणाऱ्या पायवाटेच्या दोन्ही अंगांना मामींचे वाफे होते, आणि त्यातल्या पहिल्या काही वाफ्यांना मी सकाळपासून विटांची कड लावत होतो. वीट तिरकी पुरायची, तिचा कोपरा वर ठेवायचा, एकीला चुना फासायचा आणि दुसरीला काव. सरकारी विश्रामगृहासमोर असते ना, अगदी तश्शी. माझ्या तळहाताला फोड आले होते, कंबर सरळ होत नव्हती, पण कड अशी झाली होती की जाणाऱ्या-येणाऱ्यानं थांबून बघावं. मामी अनवाणीच तिच्या कडेकडेनं फाटकापर्यंत गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, काढा.

“का? काय झालं?”

“टोचतात.”

“मामी, विटांवरून कोण चालणार आहे? चालायला मधी वाट आहे की एवढी.”

“तुमचं बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. “पण काढा.”

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला मामीच म्हणायची पद्धत. मामा एसटीत ड्रायव्हर होते. ते गेल्यापासून मामी आष्ट्याच्या त्या घरात एकट्या राहत होत्या. घर लहान, मागंपुढं जागा मात्र ऐसपैस. त्या पावसाळ्यात मामी अंगणात पडल्या, कोपर सोलवटलं, कपाळाला टाके पडले, आणि हे आम्हाला पुण्यात कळलं ते कुणा पाहुण्याकडून, तेही बऱ्याच उशिरा. वैजूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, फोनवरून आईला विनवलं, धमकावलं, रडून पाहिलं. मामी हलल्या नाहीत. मग तिनं मला पाठवलं.

“तुम्ही जावा,” वैजू म्हणाली. “मला ती उडवून लावते. जावयाचा शब्द मोडायची नाही.”

हे खरंच होतं. जावई म्हणेल ते मामींच्या लेखी वरच्या कोर्टाचा निकाल. मी एकदा सहज म्हणालो होतो, की वांग्यात शेंगदाण्याचं कूट जास्त झालंय, तर त्यानंतर मी पानावर असताना त्या घरात वांगंच झालं नाही. म्हणून पोचल्या संध्याकाळीच मी विषय काढला. चहाचा घोट घेतला आणि सांगून टाकलं, “मामी, आता तुम्ही आमच्याकडं यायचं. कायमचं. मी न्यायलाच आलोय.”

मामी बराच वेळ कपाकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, “तुमी म्हणतासा तर न्हाई कशी म्हणू? येते. पण माझ्या वाफ्यास्नी तेवढी कड लागू दे. कड लागली की पिशवी भरते.”

मी मनात म्हटलं, बस्स? एवढंच? वैजूला लगेच फोन करून टाकला, की काम फत्ते, खोली रिकामी करून ठेव.

माझा स्वभाव मुळात घायकुता. भोसरीच्या कारखान्यात माझं कामच दुसऱ्यांच्या मागं घाई लावण्याचं. एका जागी बसून चहा पितानाही माझा पाय हलत असतो. असल्या माणसाला मामींनी वाफ्यांत नेऊन रुतवलं.

वाफे त्यांनी मात्र मोठ्या हौसेनं केले होते. कुणाच्या तरी फडातून उसाचं पाचट आणून प्रत्येक वाफ्यावर जाड अंथरलं होतं. त्यानं ओल राहते, तण येत नाही, खुरपायला बसावं लागत नाही. आता हे पाचट शेजारच्या गोदाक्काच्या कोंबड्यांना मोठंच आवडायचं. दिवसभर त्या पायांनी उकरून उकरून पाचट वाटेवर आणायच्या.

“पाचट वाटेवर आलं की वाट कुठली आन् वाफा कुठला कळत न्हाई,” मामी म्हणायच्या. “म्हणून कड पायजे.”

तर विटा काढल्या. बाजारात जाऊन भंगारवाल्याकडून रिकाम्या बाटल्या आणल्या. बाटली उलटी पुरायची, बूड वर. हिरव्या आणि तपकिरी काचेवर ऊन पडलं की काय दिसतं! गोदाक्का कुंपणापाशी आली, तोंडाला पदर लावून हसायला लागली.

“काय ओ जावईबापू, एवढ्या बाटल्या कवा रिकाम्या केलासा?”

आणि मग आवाज चढवून घराकडं बघत, “व्हय गं, जावयाला कोण मातीत घालतंय? गड्याला काय दुष्काळ पडलाय?”

तिचं काही चुकलं नव्हतं. मलाही ते खुपतच होतं. ज्या घरात मी पाण्याचा तांब्या उचलायला गेलो तरी मामी धावत यायच्या, त्या घरात मी गुडघाभर चिखलात, आणि मामी काठावर उभ्या राहून सांगताहेत, जरा इकडं, जरा खाली. मी दोनदा म्हणालो, एखादा गवंडी बोलवतो. दोन्ही वेळा त्या घाईघाईनं म्हणाल्या, “गवंडी नको. तुमीच करा.”

बाटल्या लावून झाल्यावर मामी पुन्हा अनवाणी कडेकडेनं चालून आल्या.

“थंडगार लागतात. आन् एखादी फुटली तर?”

बाटल्या गेल्या. मग शहाबादी फरशीचे तुकडे आणले आणि वाटेच्या बरोबरीनं सपाट बसवले. टोचायचा प्रश्न नाही, फुटायचा प्रश्न नाही. मामी चालत गेल्या. परत आल्या.

“हे लागतच न्हाई.”

“विटा टोचतात. फरशी लागत नाही. मामी, तुम्हाला पायजे तरी काय नेमकं?”

“लागलं पायजे,” त्या म्हणाल्या, “पण टोचाय न्हाई पायजे.”

मी कपाळावर हात मारून घेतला. वैजूचा फोन आला तेव्हा मी तापलेलोच होतो.

“कधी निघताय?”

“कड व्हायचीय.”

“अजून? कसली कड लावताय एवढी?”

“तुझ्या आईला विचार. ती मला बोटावर नाचवतेय.”

वैजू हळूच म्हणाली, “अहो, ती टाळत नसेल ना? मला भीती वाटते. परत पडली आणि दिवसभर कुणाला कळलंच नाही तर?”

तिच्या आवाजातली भीती ऐकून माझा राग उलट वाढला. लेक तिकडं जिवाला घोर लावून बसलीय आणि आई इकडं फरशा पायानं चाचपून बघतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवून टाकलं, की आता एकच कड, सगळ्या वाफ्यांना, सिमेंटची, आणि संध्याकाळी गाडी.

मामींना सांगितलं तर त्यांनी नवीनच टूम काढली.

“सगळ्यास्नी एकच नको. जास्वंदीच्या वाफ्याला विटाच लावा, पण आडव्या. शेवग्यापाशी गोटे चालतील. आन् स्लॅब घालताना उतरलेली कौलं पडल्यात की मागं, ती तोंडल्याच्या वाफ्याला. पालथी घालायची.”

“प्रत्येक वाफ्याला वेगळी?”

“व्हय.”

“अंगण आहे का जुना बाजार?” माझा तोल गेला तो गेलाच. “मामी, तुम्हाला यायचं नसेल तर सरळ तसं सांगा. मी काय कामधंदा सोडून इथं दगडविटांशी खेळायला आलो नाही.”

असं मी त्यांच्याशी आजवर कधी बोललो नव्हतो. त्यांनी माझ्या हातात चहाचा कप द्यायला हात पुढं केला होता. मी बाजूला सरकलो होतो, तरी कप मी आधी जिथं होतो तिकडंच गेला आणि खाली पडला. मला वाटलं, रागानं सोडला. मी चप्पल घातली आणि सिमेंट आणायला निघून गेलो.

दुकान बंद निघालं. दुकानदार गावाला गेला होता. तिथं काय करणार? तसाच परत फिरलो. ऊन डोक्यावर आलं होतं. फाटक उघडंच होतं, मी आत शिरलो आणि थबकलो.

मामी समोरून येत होत्या. भर दुपारी, डोळे गच्च मिटून.

पदर खोचलेला, पाय अनवाणी. उजवा पाय वाफ्याच्या कडेला घासत, हळूहळू, पण न थांबता. मी गेल्यावर त्यांनी स्वतःच थोड्या विटा आडव्या मांडल्या होत्या, मधे गोटे ठेवले होते, काही कौलं पालथी घातली होती. नुसती मांडलेली, पुरलेली नाहीत. आणि त्या पुटपुटत होत्या.

“कौल... कौल... तोंडली. आता गोटा. शेवगा आला. आता वीट, वीट... जास्वंद.”

मग डोळे उघडले. मी त्यांच्या डाव्या अंगाला, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर उभा होतो. त्यांनी समोर फाटकाकडं पाहिलं, मान हलवली आणि माझ्या अगदी जवळून वळून परत निघाल्या. मी त्यांना दिसलोच नाही. परत डोळे मिटले. या अंगाच्या वाफ्याला मी बसवलेली सपाट फरशी होती. ती त्यांच्या पायाला कळली नाही, पाय थेट पाचटात गेला आणि त्या झोक खाऊन एका गुडघ्यावर आल्या.

“मामी!”

त्या एवढ्या दचकल्या, की मीच घाबरलो. धावत जाऊन त्यांना उठवलं, पायरीवर बसवलं. पाणी दिलं. तांब्या त्यांच्या अगदी तोंडासमोर धरला, दिसेल असा. मला कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

“कधीपासून?” मी विचारलं.

“मामा गेले त्याच्या आधीपासनं थोडं थोडं. मला वाटलं वयानं. पडल्यावर शेजारची ही गोदी मिरजेला घेऊन गेली, ती कुठं बोलली न्हाई. डॉक्टर म्हणाला काचबिंदू. गेलं ते येणार न्हाई म्हणाला. राहिलंय ते थेंब घालून धरून ठेवायचं. समोरचं दिसतंय मला. तुमचं तोंड दिसतंय. बाजूचं न्हाई, खालचं न्हाई. आन् हेबी किती दिवस, ते त्यालाबी सांगता येईना.”

“वैजूला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर त्याच दिवशी उचलून नेलं असतं तिनं.”

  सकाळचे माझे शब्द माझ्या कानात वाजत होते आणि मला लाज वाटत होती.

“घरात मला काय लागत न्हाई,” मामी म्हणाल्या. “डबा कुठला, पळी कुठं, गॅस चालू का बंद, समदं हाताला ठावं हाय. अंगणातच घोटाळा होतोय. म्हणून म्हटलं, डोळं हायत तोवर पायाला शिकवून ठेवावं. कौल लागलं की तोंडली, गोटा लागला की शेवगा, वीट लागली की फाटक आलं. मग दिसलं काय, न दिसलं काय.”

“मग गवंडी का नको म्हणालात?”

“त्यानं गावभर केलं असतं. म्हातारी आंधळी झालीया, एकटीच हाय. रात्रीचं दार कसं लावायचं मग मी? तुमी जावई. घरातलं घरात राहील म्हटलं. तुमास्नी मातीत घातलं, ते मनाला लागतंय माझ्या. पण दुसरं कोण होतं?”

मग त्यांनी मान पूर्ण वळवून माझ्याकडं पाहिलं. त्या बोलताना अशी पूर्ण मान का वळवतात, ते मला आत्ता कळत होतं.

“तुमचं घर लई चांगलं हाय, मानसिंगराव. वैजू माझी, तुमीबी माझेच. पण तिथं चौथ्या मजल्यावर मला काय ठावं हाय? भिंत धरून बसायचं आन् कुणी हाक मारली की तोंड फिरवायचं. इथं मी हिंडती.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “तरी शब्द दिलाय. तुमचा शब्द मोडणार न्हाई मी. कड झाली की चला म्हणालासा, तर चलते.”

मला तिथं बसवेना. उठलो. अंगणात फेऱ्या मारायला लागलो. एकदा वाटायचं, ही बाई एकटी, उद्या काही झालं तर वैजूला काय तोंड दाखवू? लगेच दुसरं वाटायचं, हिला उचलून नेलं आणि तिथं ती भिंत धरून बसली तर रोज कुणाच्या तोंडाकडं बघू? मामी पायरीवर स्वस्थ बसून होत्या. माझ्या पावलांचा आवाज जिकडं जाईल तिकडं त्यांची मान फिरत होती. त्या माझ्या निकालाची वाट बघत होत्या, आणि निकाल द्यायची माझी छाती होत नव्हती.

शेवटी मी पहार उचलली. सपाट फरशा उखडल्या. मग दोघांनी मिळून काम केलं. मी कौल पालथं घालून दाबायचो, मामी त्यावर पाय ठेवायच्या.

“जरा वर.”

“आता?”

“आता कळतंय. ठोका.”

दुपारभर बोलणं झालं ते एवढंच. फाटकाकडं जाताना उजव्या पायाला लागेल ती कड आधी केली, येतानाची नंतर. हौदाकडं वळायचं तिथं नारळाची सोडणं पुरली, ती पायाला खरखरीत लागतात. गोट्यांमध्ये मीच एकदा डोळे मिटून चालून पाहिलं, दुसऱ्याच पावलाला अंगठा ठेचकाळला, आणि मामी चक्क हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच.

ऊन कललं तेव्हा एकच वाफा राहिला होता. मागच्या भिंतीलगतचा, कढीपत्त्याचा. विटांचा ढीग त्याच्या शेजारीच होता. फार तर तासाभराचं काम. मी उकिडवा बसलो, एक वीट उचलली, तिची माती झाडली.

मामी मागं उभ्या होत्या. “हा झाला की झालं,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला झाला होता. “पिशवी भरायला घेते मी.”

मी वीट हातात तशीच धरून बसलो. मग ती परत ढिगावर ठेवली.

“मामी, इथं कड नसली तर तुम्हाला कळेल का?”

“ह्याचा वास येतोय की. लांबनंच कळतंय.”

“मग हा राहू द्या. माझी रजा संपत आली. पुढच्या खेपेला बघू.”

“अवो, एवढाच तर राहिलाय!”

“एवढा राहिलाय ना? मग कड झाली म्हणता येत नाही. आपलं काय ठरलंय? कड झाली की यायचं.”

मामींनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं. त्यांचे हात जोडायला म्हणून वर आले, आणि मी ते मध्येच धरले, कारण तसं काही त्यांनी केलं असतं तर मला तिथं उभं राहता आलं नसतं.

“दोन गोष्टी,” मी म्हणालो. “थेंब चुकवायचे नाहीत. आणि डोळ्यांचं वैजूला तुम्ही सांगायचं. मी नाही.”

“दिवाळीला आली की सांगते. समोरासमोर सांगते.” मग नाक ओढत म्हणाल्या, “वांग्याची भाजी करू का आज? कूट बेतानं घालते.”

पुण्याला एकटा उतरलो तेव्हा वैजू दारातच उभी होती. माझ्यामागं कुणी आहे का ते तिनं वाकून पाहिलं.

“आई?”

“कड अजून व्हायचीय,” मी म्हणालो. “थोडी राहिलीय.”

ती त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी रोज संध्याकाळी गोदाक्काला फोन करायचो, मामी ठीक आहेत हे ऐकायचो आणि वैजूला तेवढं सांगायचो. ती मान फिरवायची.

दिवाळीला आम्ही आष्ट्याला गेलो. मामींनी शब्द पाळला. पोचल्या पोचल्या लेकीला आत नेलं, दार लोटून घेतलं. बराच वेळ वैजूच्या रडण्याचा आवाज येत होता. मी बाहेर पायरीवर पाय हलवत बसलो होतो. आता हिनं आईची पिशवी भरायला घेतली तर अडवायला माझ्याकडं शब्द नव्हते.

सकाळी उठलो तर वैजू अंगणात होती. फाटकापाशी चप्पल काढून ठेवलेली, डोळे मिटलेले. एक पाय कडेला लावून ती घराकडं येत होती. वीट. गोटा. कौल. एकदा चुकली, पाचटात गेली, परत कड शोधली. दारापर्यंत पोचली तेव्हा आत मोरीपाशी मामी बंबातलं पाणी काढत होत्या, एक थेंबही न सांडता. वैजू दाराबाहेर उभी राहून आईकडं बघत राहिली.

मग ती घराला वळसा घालून मागं गेली. मी तिच्या मागं. कढीपत्त्याच्या वाफ्यापाशी ती थांबली. कड नसलेला वाफा तिनं बघितला. शेजारचा विटांचा ढीग बघितला. मग माझ्याकडं बघितलं.

“हीच का राहिलेली कड?”

“हीच.”

“किती वेळाचं काम आहे?”

“तासाभराचं.”

तिनं वाकून कढीपत्त्याचं एक पान तोडलं, चुरगाळून नाकाशी धरलं. मग कुंपणाकडं तोंड करून हाक मारली.

“गोदाक्का! ओ गोदाक्का! तुम्हाला चुलीला विटा पायजे होत्या ना? ह्या घेऊन जावा सगळ्या. इथं राहिल्या तर आईच्या पायात येतील.”

गोदाक्का लगबगीनं पाटी घेऊन आली. विटा मीच भरून दिल्या.